आडनाव आधी

आमच्या शाळेतले भूगोलाचे सर पाण्याला घाबरायचे. थोडेथोडके नाही, जाम घाबरायचे. मुलाने हौसेने बाथरूममध्ये शॉवर बसवून दिला, तर म्हणाले, "वरून येणाऱ्या पाण्याचा भरवसा नसतो," आणि बादली-तांब्या काही सोडला नाही. वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली तेव्हा आम्ही सगळा स्टाफ एक चक्कर मारायला गेलो. सर जेट्टीवरच थांबले आणि आम्ही बोटीत चढत असताना खाडीत गाळ कुठे आहे, ओढ कुठे आहे, हे मोठमोठ्याने सांगत राहिले. गणिताच्या बाई ते ऐकून उतरल्या आणि थेट घरी गेल्या.

आणि या माणसाने निवृत्तीनंतर काय करावं? दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या एका प्रवासी बोटीवरचे खलाशी शोधावेत! एखाददुसरा नव्हे, सगळे.

मी त्याच शाळेत मराठी शिकवते आणि विरारच्या फुलपाड्यात सरांच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला वर राहते. सर आता मुलाकडे बंगळूरला गेलेत. तरी रविवारी सकाळी बेल वाजली की मला अजून वाटतं, दारात सर असणार, काखेत नकाशाची गुंडाळी, आणि म्हणणार, "बाई, स्कूटी काढा." काढता का, काढाल का, असलं काही नाही. काढा! माझ्याकडे स्कूटी होती आणि तोंडात "नाही" हा शब्द नव्हता, एवढ्या दोन कारणांवर मी या संशोधनात ओढली गेले.

मागच्या सीटवर बसून सर दिशा सांगायचे. "आता वायव्येला वळा."

"सर, डावीकडे की उजवीकडे?"

"ते तुमचं तोंड कुठे आहे त्यावर आहे, बाई. वायव्य आहे तिथेच आहे."

एकदा या वायव्येपायी आम्ही निर्मळला एका केळीच्या वाडीत स्कूटीसकट घुसलो होतो. वाडीवाला धावत आला. सरांनी त्याचं आडनाव विचारलं, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि मग म्हणाले, "तुमची वाडी चुकीच्या दिशेला आहे." त्या माणसाने आम्हाला चहा पाजला. सरांवर कुणाला रागावताच यायचं नाही, ही माझी खरी पंचाईत होती.

आडनाव आधी, हा त्यांचा दुसरा हट्ट. तेहतीस वर्षं हजेरीपट भरल्यामुळे म्हणा किंवा स्वभाव म्हणा, पण आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, असं लिहिल्याशिवाय माणूस पुरा होतो असं त्यांना वाटतच नसे. मोबाइलमध्ये सगळे नंबर तसेच. एकदा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, स्वतःचा नंबर सरांच्या मोबाइलमध्ये शोधला. "बायको" नाही, "हिचा" नाही, काही नाही. होतं ते असं: आडनाव, स्वतःचं नाव, पतीचं नाव. काकू म्हणाल्या, "बरं झालं, पुढे तुकडी नाही लिहिली. दहावी ब."

या बोटीचं प्रकरण सुरू झालं ते सुक्या बोंबलांपायी. सरांना बोंबील प्रिय. समुद्रातलं फक्त तेवढंच त्यांना चाले, कारण ते वाळलेलं असे. वसईच्या पाचूबंदरला सुकी मासळी विकणारी एक ख्रिस्ती कोळीण होती, वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज असा की मासळीच्या लिलावातली माणसं मागे वळून बघायची. सगळे तिला बाय म्हणायचे. सर दर महिन्याला तिच्याकडे जायचे, बोंबलाचा वास घ्यायचे आणि तो कुठल्या दिशेला वाळवला आहे ते सांगायचे. एक दिवस बाय म्हणाली, "मास्तर, तुमी पोरांना नकाशे शिकवता ना? मंग माझा बापूस कुठं बुडला त्यो दाखवा की."

सरांना याहून मोठं निमंत्रण कुणी दिलं नसेल. त्यांनी तिथल्या तिथे, बर्फाच्या पेटीवर नकाशा उलगडला. बायचा बाप आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर नोकरीला होता. बाय पोटात असताना गेला, तो दोन फेऱ्यांच्या मध्येही घरी आला नाही. ती बोट लढाईत बुडाली. कुठे, ते सरांनी तेव्हाच पेन्सिलीने फुली मारून दाखवलं: अरबी समुद्रात, मोंबासाच्या खूप अलीकडे. सर खूश. बाय काही खूश झाली नाही.

"ह्या ठीक हाय," ती फुलीकडे बघत म्हणाली. "पन त्यो व्हता का त्यात?"

तर गोष्ट अशी होती. बोट बुडाल्याची बातमी पाचूबंदरला आली, पण बायच्या घरी त्याच्या मरणाचा कागद काही आला नाही. मग शेजारपाजारच्यांनी ठरवलं की या फेरीला तो बोटीवर नव्हताच. आधीच्या फेरीत मोंबासाला उतरला आणि तिकडेच दुसरी बाई करून राहिला. बायला लहानपणापासून लोक "मोंबासावाली" म्हणायचे. तिच्या लग्नातसुद्धा कुणीतरी विचारलं होतं, नवरीचा बापूस आफ्रिकेहून येनार का. आणि तिच्या आईने नवऱ्यासाठी चर्चमध्ये मिस्सा कधी सांगितली नाही. जिवंत असेल तर जित्या माणसासाठी मेलेल्यांची प्रार्थना कशी करायची? आई अशीच वाट बघत म्हातारी होऊन मेली.

"मेला का पलाला, येवढा सांगा," बाय म्हणाली. "माझं पन आता वय झाला. वर गेल्यावर मायला काय सांगू?"

सर म्हणाले, "पंधरा दिवसांत सांगतो."

दोन वर्षं लागली.

सरांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. परदेशातल्या दप्तरखान्यांना, म्युझियमना, जहाजांच्या हौशी मंडळांना. इंग्रजी माझ्याकडून तपासून घ्यायचे आणि मग मी केलेल्या सगळ्या दुरुस्त्या खोडून टाकायचे. प्रत्येक पत्रात दुसऱ्या परिच्छेदात वसईचे अक्षांश-रेखांश. मी म्हटलं, "सर, हे कशाला?" तर म्हणाले, "उत्तर कुठे पाठवायचं ते त्यांना कळायला नको?" शेवटी एका भल्या गृहस्थांनी बोटीवरच्या खलाशांची यादी स्कॅन करून पाठवली. टाइप केलेली, पुसट, सतरा पानं. प्रत्येक पानाचा वरचा भाग स्कॅन करताना कापला गेला होता, त्यामुळे रकान्यांना मथळे नव्हते. पहिल्या रकान्यात एक शब्द, दुसऱ्यात नाव, मग वय, मग गाव, आणि शेवटी वाचला की बेपत्ता.

सरांनी त्या यादीची हॉलच्या भिंतीवर दारापासून खिडकीपर्यंत आरास केली. काकूंचा टीव्ही बेडरूममध्ये गेला, सोफा दाराशी आला, आणि पाहुणे सोफा ओलांडून आत येऊ लागले. काकू म्हणायच्या, "लढाई संपली, बोट बुडाली, आता माझा हॉल तरी वर काढा."

बायच्या माहेरचं आडनाव यादीत कुठेच नव्हतं, म्हणून पुढे बापाचं नाव विचारण्यापर्यंत सर पोचलेच नाहीत. सरांनी पहिला रकाना सोळा वेळा वाचला. मग म्हणाले, "हिचा बाप नसेल सापडत, पण बाकीचे आपलेच आहेत, बाई. बघा तरी!"

आणि खरंच, यादी आपल्याच आडनावांनी भरली होती. Tindal, म्हणजे तांडेल. Serang, म्हणजे सारंग. Bhandary, म्हणजे भंडारी. सगळी आपल्या किनाऱ्यावरची! फक्त नावं जरा चमत्कारिक होती. तांडेल युसूफ. सारंग अब्दुल. भंडारी पास्कोल. मी म्हटलं, "सर, हे तांडेल आणि युसूफ कसे?" सर हात जोडून म्हणाले, "बाई, आपले पूर्वज किती पुढारलेले होते याची आपल्याला कल्पनाच नाही."

मग रविवारमागून रविवार. विरारमध्येच एका भंडारी कुटुंबाच्या घरी आम्ही नेमके सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी पोचलो. प्रसाद हातात पडताच सरांनी घरातल्या सर्वांत वयस्कर आजोबांना विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणी ख्रिस्ती झालं होतं का? पास्कोल नावाचं?"

आजोबा म्हणाले, "अहो, आमच्या घराण्यात कुणी शाकाहारीसुद्धा झालं नाही!"

भटजी हसले, घरचे हसले, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. सरांनी वहीत लिहिलं: "भंडारी पास्कोल. घरचे दडवतात."

अर्नाळ्याला मात्र बाजी मारली. तिथल्या एका तांडेल कुटुंबाचे येसू आजोबा फार वर्षांपूर्वी मुंबईला गोदीत कामाला गेले ते परत आले नव्हते. सरांनी मांडीवर थाप मारली. यशवंतचं येसू, येसूचं साहेबाने केलं युसूफ! संपलं. शेवटच्या रकान्यात लिहिलंच होतं, बेपत्ता. त्या घरात जो आनंद झाला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. पंधरा दिवसांत नाक्यावर फ्लेक्स लागला, "महायुद्धातील शूर दर्यावर्दी, आमचे आजोबा". आजोबांचा फोटो नव्हता म्हणून नातवाला टोपी घालून काढलेला फोटो लावला होता. टोपी बँडवाल्याची होती. नगरसेवक आले, सरांना शाल-श्रीफळ मिळालं, आणि सरांनी भाषणात फ्लेक्सची दिशा नैर्ऋत्य असल्याचा उल्लेख केला.

पण बायचा बाप काही सापडेना. सर तिच्याकडे जायचे टाळू लागले. बोंबील बंद झाले. काकू मला हळूच म्हणाल्या, "हे झोपेत आडनावं बडबडतात गं." शेवटी एका रविवारी दारात आले ते गुंडाळीशिवाय. "बाई, स्कूटी काढा. तिला सांगून टाकू. यादीत नाही म्हणजे बोटीवर नव्हता. लोक म्हणत होते तेच खरं असणार."

पाचूबंदरला लिलाव आटोपत आला होता. बोटी किनाऱ्याला, बायका टोपल्या भरत होत्या. सरांनी वाटेत वाक्य पाठ केलं होतं, ते म्हणून दाखवलं: उपलब्ध कागदपत्रांनुसार आपले वडील सदर फेरीत नोकरीस असल्याचे आढळत नाही.

बायला अर्धं कळलं नाही. जे कळलं ते पुरे होतं. ती बराच वेळ बोंबलांची जुडी नुसती सोडत-बांधत बसली. मग म्हणाली, "असा कसा नाय? माय सांगायची, तीन फेऱ्या त्यानं त्याच बोटीवर केल्या. भंडारी व्हता त्यो बोटीवर."

सर दचकले. "भंडारी? बाय, तुम्ही तर ख्रिस्ती कोळी!"

"मंग?"

"मग भंडारी कसे?"

बाय माझ्याकडे बघायला लागली, मास्तरांना ऊन लागलंय का, अशा नजरेने. "अवो, बोटीवर भंडारी म्हंजे जेवन रांदनारा! सैपाकी! आमच्या हरेक बोटीला हाय. त्यो बघा, त्यो निळ्या बनियनवाला, त्यो भंडारी. आनि त्यो जाला आवरतो त्यो तांडेल, बोटीचा म्होरक्या. मास्तर, तुमाला भंडारी म्हाईत नाय?"

हे शेवटचं वाक्य तिने लिलावाच्या आवाजात म्हटलं. झालं! टोपल्या खाली ठेवून बायका हसायला लागल्या. "गो, मास्तरांना भंडारी म्हाईत नाय!" निळ्या बनियनवाल्याने पळी वर करून दाखवली. तिथलं शेंबडं पोरही जे जाणतं, ते तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. आणि शेजारी मी उभी, एम.ए. मराठी! मलाही नव्हतं. उगीच सरांना एकट्याला का बोला.

सर मात्र हसत नव्हते. त्यांनी शबनम पिशवीतून यादी काढली. डावीकडे आडनाव नव्हतंच. डावीकडे काम होतं. भंडारी, तांडेल, सारंग, सगळी बोटीवरची कामं. तेहतीस वर्षांच्या हजेरीपटाने दोन वर्षं घालवली होती. सरांचं बोट खाली सरकत सरकत एका ओळीवर थांबलं, जिच्यावरून ते बायचं आडनाव शोधताना सोळा वेळा नुसतं पुढे गेलं होतं.

"बाय," सर म्हणाले, "वडिलांचं नाव?"

"पास्कू. पास्कू इनास."

"भंडारी. पास्कोल इग्नेशस, म्हणजेच पास्कू इनास. वय सव्वीस. गाव बॅसीन, म्हणजे आपली वसई." सरांनी शेवटचा रकाना पाहिला आणि काय अंगात आलं कोण जाणे, ताडकन उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडले, "मेला! बाय, तुमचा बापूस मेला! अभिनंदन!"

मी सरांचा शर्ट मागून ओढला. बायने टोपली बाजूला सारली. "बुडला? त्याच बोटीत?"

"त्याच बोटीत. मोंबासा आलंच नव्हतं."

"मेला," बाय म्हणाली. मग तिने शेजारणीचा हात धरला आणि पुन्हा म्हणाली, "मेला गो, माझा बापूस. पलाला नाय." आणि ऐंशी ओलांडलेली ती बाई त्या ओल्या फरशीवर बसून अशी रडली की आमच्याही डोळ्यांना धारा लागल्या. निळ्या बनियनवाल्याने पाणी आणून दिलं. थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "वय किती म्हनलात?"

"सव्वीस."

"सव्वीस? पोर व्हता वो! माझा धाकटा नातू तीसचा हाय, त्याला चाय पन बनवता येत नाय." आणि मग एकदम हळू आवाजात, "मास्तर, मी त्याला लय शिव्या घातल्या. मायनं कदी घातल्या नाय. मीच घातल्या. लहानपनापासून, रोज. त्या आता कशा मागं घेऊ?"

सर खाली बसले, पाण्याच्या कडेपासून दोन हातांवर, आणि तिच्या टोपलीतले पडलेले बोंबील एकेक करून भरू लागले.

परत येताना मी मुद्दाम चुकीचं वळण घेतलं. मागून कुठलीही दिशा आली नाही. बिल्डिंगच्या गेटशी उतरल्यावर म्हणाले, "बाई, उद्या अर्नाळा."

"सर, राहू दे ना. त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्यांना नेलं. तांडेलांच्या ओटीवर उभं राहून, चप्पल हातात घेऊन, सरांनी सगळं सांगितलं. तांडेल हे काम आहे, युसूफ कुणी दुसराच, तुमचे आजोबा बोटीवर नव्हते, चूक माझी. शाल-श्रीफळातली शाल घडी करून आणली होती, तीही पुढे ठेवली. श्रीफळाची काकूंनी चटणी केली होती, त्याबद्दल वेगळी माफी मागितली.

घरातल्या मोठ्या तांडेलांनी शाल हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "तांडेल म्हंजे काय, ते आमाला पन म्हाईत व्हता, मास्तर. आमच्याच बोटीवर हाय. पन तुमी येवढे शिकलेले. आमाला वाटला, सरकारी कागदात येगला असल." त्यांनी शाल सरांच्या खांद्यावर परत टाकली. "दोन म्हयने आमचा आजा शूर व्हता. पोरांना लय बरा वाटला. फ्लेक्स तेवढा ऱ्हाऊ द्या. मासली सुकवायच्या मांडवावर टाकलाय, पानी गलत नाय."

निघताना सर मांडवावरच्या त्या फ्लेक्सखाली उभे राहून रडले. मी स्कूटी वळवायच्या निमित्ताने बाहेर गेले.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांच्या दिवसाची मिस्सा होती. बायने आम्हाला बोलावलं होतं. आम्ही तिघं गेलो, काकू नवी साडी नेसून. नावांची चिठ्ठी लिहून द्यायची असते. बायला लिहिता येत नाही, म्हणून ती सरांनीच लिहिली. दरवर्षी बाय आईचं एकटीचं नाव द्यायची. या वेळी म्हणाली, "दोघांची जोडून लिवा. आदी त्याचा, मंग तिचा. आनि मास्तर, आडनाव नको. देवाला वलख हाय."

सरांनी पेन हातात धरून क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग निमूटपणे लिहिलं, पास्कू आणि कैतान.

चर्च गच्च भरलं होतं. फादर नावं वाचत होते, लांबलचक यादी, एका सुरात, लोकांच्या माना खाली. बाय पुढच्या बाकावर, इस्त्रीचं लुगडं, हातात रोझरी. पन्नास-साठ नावांनंतर आलं, "पास्कू आणि कैतान." आणि फादर पुढच्या नावावर जाणार एवढ्यात बाय उभी राहिली, मागे वळली, आणि त्या शांततेत, सगळ्या पाचूबंदरच्या तोंडावर, लिलावाच्या आवाजात म्हणाली, "आयकला का सगल्यांनी?"

फादरांनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा चिठ्ठीकडे बघून, ती दोन नावं त्यांनी आणखी एकदा, सावकाश, मोठ्याने वाचली.